शेंड्याला शेंडा

११ ऑक्टोबर १९९८
कामिओसे

शुहेइदादा,

सहा वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. आई गेली तेव्हा जे पाठवलं त्याला पत्र म्हणता येणार नाही. त्यात तारीख, वेळ आणि "जमल्यास यावे" एवढंच होतं. तू आला नाहीस. त्यानंतर दर नववर्षाला मी कार्ड आणलं, तुझा होक्काइदोचा पत्ता लिहिला आणि खणात ठेवलं. सहा कार्डं झाली आहेत. शाळेत मात्र मुलांना सांगते की उशिरा का होईना, गृहपाठ द्या.

बाबा बरे आहेत. एकोणऐंशी पूर्ण झाली. उजव्या हाताला कंप आहे, पण तो चहाचा पेला धरताना दिसतो, पटाशी धरताना कमी दिसतो. डॉक्टर म्हणतात असं होऊ शकत नाही. बाबा म्हणतात, डॉक्टरने कधी पटाशी धरलीय का.

लिहायचं कारण असं की ओबातांचं घर बर्फाआधी उघडायचं, म्हणजे जुनं छप्पर उतरवायचं, ठरलंय. उत्तरेच्या पाख्यावर शेवाळ इतकं माजलंय की मधोमध गवत खचून खळगा पडलाय. आपल्याकडे एकतीस घरांपैकी आता नऊच गवताने शाकारलेली उरली आहेत. बाकीच्यांनी जुन्या गवतावरच पत्र्याची टोपी चढवली. तुमच्याकडे म्हणे सगळी छपरं पत्र्याची, बर्फ आपोआप घसरतं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग तिकडे माणसं हिवाळाभर करतात काय?" पलीकडच्या खोऱ्यातल्या दोन पाख्यांच्या छपरांना ते अजून नावं ठेवतात: दोन पाखी टाकून मोकळे होतात, चार पाखी कोपऱ्यात जुळवायची आणि वर धुरासाठी त्रिकोणी तोंड सोडायचं तर अक्कल लागते.

छपराबरोबर एक खांबही करायचा आहे. पाय कुजलाय. कोणता ते तुला सांगायला नको, ज्याच्यावरून तू गेलास तोच.

तुला कळवायला बाबांनीच सांगितलं. आमचं बोलणं जसं झालं तसं लिहिते.

"त्याला कळव."

"काय कळवू?"

"घर उघडतोय म्हणून."

"ये म्हणून लिहू?"

"मी काय म्हणालो? उघडतोय म्हणून."

तर, कळवलं.

इकुए


१८ ऑक्टोबर

दादा,

मागचं पत्र सोमवारी टपालात टाकलं. उत्तराची वाट बघत नाही असं मी स्वतःला सांगते, पण पोस्टमनची मोटरसायकल पुलाशी आली की वर्गातूनसुद्धा ऐकू येते.

ते पत्र पुन्हा आठवून पाहिलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते खरंही नव्हतं. मी बाबांच्या आड लपून लिहिलं.

या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, ओबातांच्या घरातला उलटा खांब म्हणजे काय हो? तिच्या आजीने सांगितलं होतं. मी फळ्यावर झाड काढलं. म्हटलं, झाड उभं होतं तसाच खांब उभा करायचा, बुंधा खाली, शेंडा वर. उलटा केला तर घराला सुख लागत नाही, लाकूड रडतं, असं जुने लोक मानतात. ती म्हणाली, आणि खरंच माणूस मेला ना? मी म्हटलं, माणूस बर्फ काढताना छपरावरून पडून मेला. ती म्हणाली, पण खांब उलटा होता ना? मी म्हटलं, होता. मग तिने विचारलं, कोणी केला? घंटा व्हायला चार मिनिटं होती. मी मुलांना पुस्तकातलं पान त्र्याण्णव उघडायला सांगितलं.

जमवाजमव सुरू झालीय. आधी उत्तरेच्या पाख्यावरचं गवत उतरवायचं, म्हणजे तुळईवरचा भार कमी होईल. मग जॅक लावून तुळई केसभर उचलायची आणि खांबाचा कुजका पाय कापून नवा जोडायचा. तोवर छप्पर ताडपत्रीखाली राहणार. सगळं नोव्हेंबरच्या शेवटाआधी व्हायला हवं. नऊ घरांतून चौदा माणसं येणार आहेत. त्यांतली सहा सत्तरीच्या पुढची.

बाबांना खांबच बदलायचा होता. गुरुवारी ओबातांच्या तोमीकाकूंना तसं सांगायला गेले, मी सोबत होते. काकू ओसरीत बसून टांगून वाळवण्यासाठी तेंदूची फळं सोलत होत्या. आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्या घरात एकट्याच.

बाबा म्हणाले, "पूर्ण खांब काढून नवा देतो. बावीस वर्षं माझ्या मनात आहे."

"तुमच्या मनात असेल मिस्त्री. माझ्या घरात आहे. लग्नानंतर नवरा माझ्याजवळ राहिला त्याहून हा खांब जास्त राहिलाय."

"उलटा आहे तो."

"नवरा कुठे सुलटा होता? पाय तेवढा बदला. बाकी हात लावायचा नाही."

बाबा परत येताना पुलावर थांबले आणि म्हणाले, "मग मागच्या फळ्या काढाव्या लागतील. पाय कुठवर कुजलाय ते भिंतीच्या बाजूने बघावं लागेल."

दादा, त्या फळ्या सत्त्याहत्तर साली कुणी काढल्या नव्हत्या. ओबातांच्या अंत्यविधीला आलेल्या म्हाताऱ्या सुताराने खोलीच्या बाजूने लाकडाच्या रेषा बघूनच सांगितलं होतं की हा उलटा आहे. भिंतीकडची बाजू पंचाहत्तरच्या शरदात झाकली गेली, ती गेलीच.

मला झोप लागत नाही. कारण पुढच्या पत्रात लिहीन. असं लिहिणं म्हणजे पुन्हा पळणंच आहे, हे मला कळतं.

इकुए


२५ ऑक्टोबर

दादा,

आज लिहिते. तीन वेळा कागद बदलला.

माझ्या रोजनिशीतलं पान जसंच्या तसं उतरवते. तारीख ९ जुलै १९७५. मी बावीस वर्षांची, विद्यापीठाच्या सुट्टीत घरी आले होते.

"दिवसभर पाऊस. लाकूड ठेवायची पडवी गळत होती. दादा शेजारगावी गेलेला, उद्या येईल. आई आणि मी ओबातांचे खांब कोरड्या बाजूला ओढले. एकावरची खूण धुऊन गेली होती. नीट अक्षरात पुन्हा लिहिली. दादाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

एवढंच आहे. खाली काय जेवलो ते आहे.

ती खूण 'हा-पाच' होती, म्हणजे 'इ, रो, हा' अशा ओळींपैकी तिसऱ्या ओळीतला पाचवा खांब. आपल्या घरची रीत मला माहीत होती, खूण भिंतीकडच्या बाजूवर आणि बुंध्याच्या टोकाला लिहायची, म्हणजे खांब उभा केला की अक्षर पायाशी सुलटं येतं. पडवीत सगळे बुंधे दाराकडे होते. म्हणून मी त्या खांबाच्या दाराकडच्या टोकाला लिहिली. पण तो लांब खांब कोपऱ्यातून निघेना, म्हणून आई आणि मी तो गोल फिरवून काढला होता. फिरवलेला मला आठवतो. आई म्हणाली होती, "सावकाश, त्या कुंडीला लागेल." कुंडी आठवते, आईचा आवाज आठवतो. दुसरं टोक बघितल्याचं आठवत नाही. मी बघितलंच नाही. तिथे तुझी खरी खूण पुसट का होईना असेल, हे तेव्हा सुचलंच नाही.

तू दुसऱ्या दिवशी आलास. तीस-पस्तीस खांब होते आणि पाऊस चालू. तू खूण बघून कापायच्या रेषांसाठी शाईचं सूत मारलंस, त्याप्रमाणे सांध्याची कूस आणि ती बसायची भोकं पाडलीस.

इथवर ती चूक आहे. त्यानंतरचं चूक नाही.

फेब्रुवारी सत्त्याहत्तरमध्ये केन्सुके ओबाता छपरावरून पडले. आईचं पत्र मला क्योतोला आलं. त्यात होतं की खांब उलटा निघाला, बाबांनी सगळ्यांसमोर तुझ्या हातातून शाईची डबी काढून घेतली आणि तुला म्हणाले, ज्याला बुंधा-शेंडा कळत नाही त्याने सुताला हात लावू नये. तिसऱ्या दिवशी निघून गेलास. पत्र वाचून मी त्याच दुपारी रोजनिशी काढली. पान लगेच सापडलं. मी ते दोनदा वाचलं आणि वही परत ठेवली. परीक्षा तोंडावर होती. मग वाटलं, आता सांगून तू थोडाच परत येणार. मग आई आजारी पडली. कारणं अशी मिळत जातात.

तू इतकी वर्षं कारखान्यात खुर्च्यांचे पाय जोडतोयस. कदाचित तुला वाटत असेल की त्या दिवशी तुझे डोळे चुकले. तसं नव्हतं. निदान पूर्ण तसं नव्हतं.

आणखी एक सांगायचंय, त्याची लाज याहून जास्त वाटते. काल शनिवारी मी तोमीकाकूंकडे गेले. पिशवीत मुळ्याचं लोणचं होतं आणि टॉवेलात गुंडाळलेला बाबांचा लहान रंधा. मागच्या फळ्यांना खिळे नाहीत, खाचेत बसवलेल्या आहेत. एक सरकवली तर हात जाईल, असा हिशोब मी आठवडाभर करत होते. दोनदा रंधा फिरवला की अक्षर जाईल. इतिहास शिकवणारी बाई मी.

काकूंनी लोणचं काढायला पिशवी ओढली आणि टॉवेल सुटला.

"काय गं, शाळेत आता रंधा मारायला शिकवतात?"

मी म्हटलं, धार लावायला न्यायचाय.

"धारवाला खालच्या गावात. तू वर आलीस." त्यांनी रंधा उलटसुलट बघितला, दाराशी ठेवला आणि चहा ओतला. मग आपणहून बोलू लागल्या.

"सगळे विचारतात, तो खांब रडतो का. थंडीत सगळीच लाकडं वाजतात. माझे गुडघेही वाजतात, ते कुणी उलटे बसवले?"

मी हसले नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुला एक सांगते. बापाला सांगायचं तर सांग, मी आता म्हातारी झालेय. माझा नवरा त्या दिवशी दोरी न बांधता चढला होता. म्हणाला, मोजकंच बर्फ आहे. दोरी खुंटीवर कोरडी होती. तो पडला, मी आधी त्याच्याकडे धावले, आणि मग घरात. दोरी काढली, बर्फात भिजवली आणि त्याच्याजवळ टाकली. गावाने म्हणू नये की ओबाता आळशीपणाने मेला. मग लोक म्हणाले, दोरी बांधून पडला म्हणजे घरातच काहीतरी आहे. त्या म्हाताऱ्या सुताराला काय, शोधायलाच लावलं होतं. त्याला खांब सापडला. तुझा भाऊ गेला तेव्हा मी इथेच, ह्याच पाटावर बसले होते. उठले नाही."

मी काय बोलायला हवं होतं, तुला कळलं असेल. मी म्हटलं, "चहा छान झालाय." आणि रंधा घेऊन घरी आले. लाकडाला हात लावला नाही, एवढं मात्र खरं. धैर्य म्हणून नाही. त्या ओसरीत बसून होत्या.

हे पत्र आत्ता टाकत नाही. आधी बाबांना सांगायचं की आधी तुला, हे ठरत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला आधी, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, दूरच्याला सांगणं सोपं असतं, म्हणून तू ते आधी करतेयस.

इकुए


१ नोव्हेंबर

दादा,

बाबांना सांगितलं. मागचं पत्र आणि हे, दोन्ही एकाच लिफाफ्यात घालते.

सकाळी ते अंगणात दगडावर पटाशीला धार लावत होते. फळ्या येत्या शनिवारी निघणार. त्याआधी सांगितलं तरच ते सांगणं, नंतर सांगितलं तर पकडलं जाणं, एवढा हिशोब मी करून ठेवला होता. समोर बसले. वही उघडी धरली, पण त्यांनी वाचली नाही. म्हणाले, "तोंडाने सांग."

मी सांगितलं. पटाशी थांबली नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "कोणत्या टोकाला लिहिलंस?"

"दाराकडच्या."

"फिरवला कुणी?"

"मी आणि आईने."

पटाशी थांबली. त्यांनी अंगठ्याने धार बघितली. मग म्हणाले, "खूण कुणीही लिहो. सूत मारणाऱ्याने लाकूड वाचायचं. खूण काय, कारकूनसुद्धा वाचतो."

दादा, हे तुझ्यापासून लपवलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तुला फक्त आनंदाचं लिहावं, असं वाटत होतं. पण त्यांनी हेच म्हटलं, आणि ते ज्या धंद्यात वाढले त्यात ते बरोबरही असेल. मला त्या क्षणी हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचा लगेच राग आला. म्हणजे माझा भार तुझ्यावर परत गेला आणि मला बरं वाटलं.

मी म्हटलं, "पण बाबा, त्याने आधी बरोबर वाचलं होतं. खूण त्यानेच केली होती, योग्य टोकाला. एकदा वाचलेलं लाकूड कोण पुन्हा वाचतं?"

"मी वाचतो."

शेजारच्या यागींचं कुत्रं भुंकत होतं. मला वाटलं संपलं. उठले. तेव्हा मागून म्हणाले, "बावीस वर्षं?"

"होय."

"तुला शाळेत इतिहास शिकवायला ठेवलंय ना त्यांनी?"

एवढंच. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. "त्याने आधी केलेली खूण. ती तू बघितलीस?"

"नाही."

"मग आहे हे कशावरून?"

"पावसात सगळी शाई जात नाही, असं तुम्हीच..."

"खांबाचा बुंधा दाराकडे होता. पाणी तिथेच पडायचं." आणि गेले.

आता मला एवढी एकच भीती उरलीय. माझं अक्षर दिसेल ही नाही, ते दिसणारच. वरच्या टोकाला काहीच नसेल, ही. तर तू बरोबर वाचलं होतंस याला माझ्या शब्दाशिवाय पुरावा नाही, आणि माझ्या शब्दाची किंमत बावीस वर्षं तपासलेली आहे. रात्री तर असंही वाटलं की कदाचित मीच हे रचलंय. कदाचित खांब फिरवलाच नव्हता, तू खरंच चुकला होतास, आणि मला तुझ्या दुःखात वाटा हवा होता म्हणून मी ती कुंडी, तो आईचा आवाज तयार केला. पण पान आहे. पान मी बाविसाव्या वर्षी लिहिलंय, तेव्हा मला काही रचायची गरज नव्हती. तरी पानात फिरवल्याचं नाही. फक्त 'ओढले' आहे.

तोमीकाकूंच्या दोरीचं मी बाबांना सांगितलं नाही. ते त्यांचं आहे. तुला मात्र सांगितलं. हे बरोबर केलं का, माहीत नाही.

इकुए


८ नोव्हेंबर

दादा,

काल फळ्या निघाल्या. क्रमाने लिहिते, नाहीतर मी शेवटाकडेच पळेन.

पाच दिवसांत उत्तरेचं पाखं रिकामं झालं. वाश्यांना बांधलेल्या दोऱ्या कापल्या आणि गवत खाली आलं. आत तेवीस वर्षांची काजळी होती, सगळ्यांची तोंडं इतकी काळी झाली की यागीकाकांनी मला ओळखलंच नाही आणि "अहो मिस्त्री, हा नवा गडी कुठून आणला?" असं विचारलं. आतल्या बांबूंवर धुराने अशी तकाकी चढलीय की ते काढायला कुणाचा हात होईना. ताडपत्री ओढली. वाऱ्यात ती दिवसभर फडफडते, मला ते शाळेपर्यंत ऐकू येतं असं वाटतं.

काल सकाळी जॅक लागला. तुळई कुरकुरली, तसे यागीकाका म्हणाले, "उचलली तर रडते, ठेवली तर रडते. बाईमाणूसच आहे." तोमीकाकूंनी त्यांना ओल्या हातमोज्याने मारलं.

मग बाबांनी स्वतः फळ्या सरकवल्या. खालची आधी.

माझं अक्षर जसंच्या तसं होतं. 'हा-पाच'. नीट, सरळ, शाळेतल्या फळ्यावर लिहिते तसं. लाकूड खाली काळं पडून कुजलेलं, त्याच्या चार बोटं वर माझं अक्षर ताजं. सगळ्यांनी बघितलं. कुणाचं आहे हे कुणी विचारलं नाही, कारण त्यांच्या घरचे सणावारांचे कागद गेली पंधरा वर्षं मीच लिहून देते. यागीकाकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मी म्हटलं, "माझं आहे. शुहेइदादाचं नाही." आवाज फार मोठा निघाला.

बाबा वरच्या फळीकडे गेले. शिडी लावली. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, मी खालून शिडी धरली. फळी निघाली. खालून काहीच दिसेना, नुसतं पिवळट लाकूड. मला वाटलं, झालं.

बाबांनी वरून हात खाली केला. "ओला कपडा."

तोमीकाकूंनी कमरेचा टॉवेल पाण्यात बुडवून दिला. बाबांनी तो लाकडावर दाबून धरला, पुसला नाही, नुसता दाबला. मग काढला.

ओल्या लाकडावर शाई वर आली. आधी एक डाग, मग रेघ, मग उलटं अक्षर. बाबांनी मान वाकडी करून वाचलं. मी खालून वाचत होते. 'हा'. त्याची शेवटची गाठ सुटीच, अर्धवट, तू नेहमी सोडायचास तशी. आणि 'पाच'.

ते किती वेळ वर होते, सांगता येत नाही. लाकूड वाळू लागलं आणि अक्षर पुन्हा पुसट झालं. त्यांनी परत कपडा दाबला. परत बघितलं. मग म्हणाले, "गाठ अजून बांधत नाही."

खाली उतरले. डोळे काजळीने लाल होते, सगळ्यांचेच होते. म्हणाले, "तरी बघायला हवं होतं." आणि थोड्या वेळाने, कुणाकडेही न बघता, "मीही बघायला हवं होतं. उभा करताना मिस्त्री मी होतो."

हे वाक्य मी तुला जसंच्या तसं देते. त्यात मी काही घातलेलं नाही.

पुढचं कामाचं. वरून खांब ठणठणीत आहे, दोन फूटच कुजलाय. नव्या पायासाठी चेस्टनटचा ओंडका आणून ठेवलाय. यागीकाका म्हणाले, "मिस्त्री, उलट्या खांबाला पायही उलटाच लावा, म्हणजे एकाच दिशेने जाईल. झाकलं की कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," बाबा म्हणाले. "पाय झाडासारखा उभा राहील. बुंधा दगडावर. शेंडा वर."

"म्हणजे शेंड्याला शेंडा?"

"शेंड्याला शेंडा. बुंध्याला बुंधा लावत नाहीत, ते दूर ओढतात. शेंड्याला शेंडा चालतो."

सांधा अवघड आहे. चारही बाजूंनी खाच, आतून कूस, बाहेरून एक रेघ दिसायची. बाबांनी पटाशी हातात घेतली, ओंडक्यावर टेकवली आणि हात बघितला. आपण सगळ्यांनीच बघितला. मी 'आपण' लिहिलं, राहू दे. त्यांनी पटाशी गुंडाळून ठेवली.

यागीकाकांनी विचारलं, "मग कापणार कोण?"

"कापणारा येईपर्यंत राहू दे."

"छप्पर उघडं आहे, मिस्त्री."

"पंचवीस तारखेपर्यंत थांबतो. त्यानंतर बर्फ थांबत नाही. त्यानंतर मग जसा जमेल तसा मी कापीन."

मी तोमीकाकूंकडे बघितलं. छप्पर त्यांचं आहे. ताडपत्रीखाली त्या झोपतात, माझे वडील नाहीत. मला वाटलं आता त्या नाही म्हणतील, आणि म्हणायलाच हवं.

"थांबा की," त्या म्हणाल्या. "पण त्याआधी बर्फ आलं तर मी मिस्त्रींच्या घरी गादी घेऊन येईन. गाव काय म्हणायचं ते म्हणो." मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, "दोरीचं लिहिलंस त्याला?"

"लिहिलं."

"बरं केलंस. आलाच तर मीच सांगेन. तोंडाने."

संध्याकाळी बाबा म्हणाले, "त्याला कळव." मी विचारलं, काय. ते म्हणाले, "पाय कापलेला नाही म्हणून." मी विचारलं, ये म्हणून लिहू? या वेळी त्यांनी मला उलट विचारलं नाही. नुसते उभे राहिले. तर मी लिहिते. ये. मी माझ्या वतीनेही लिहिते. तू आल्यावर माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. आला नाहीस तरी मी यानंतर कार्डं खणात ठेवणार नाही.

तुझं उत्तर नाही, पत्र परतही आलेलं नाही. आज आठ तारीख. टपाल तुझ्याकडे पोचायला तीन दिवस, तुला यायला दोन. मी रोज हे गणित करते आणि रोज डोंगरावरचा ढग बघते.

आत्ता, दिवा घालवण्याआधी, बाबा दाराशी आले होते. ओंडक्यावर खूण करायचीय म्हणाले, 'हा-पाच', पायाच्या टोकाला. मी म्हटलं, मी नाही लिहिणार. दादा लिहील.

"तो सूत मारील. खूण तू लिही." मग पुढे म्हणाले, "फांदी फुटते तिथे काखेची बाजू वर असते. लहानपणी दाखवलं होतं. ह्या वेळी बघून लिही."

उद्या: ओंडक्यावरच्या गाठी हाताने चाचपून बुंधा कोणता ते आधी बघायचं, मग शाई उगाळायची.

इकुए